वास आवे छे

शनिवार, १५ मार्च २०२५. पर्वत पाटिया, सुरत.
ऊन वाढले. पाणी वेळेवर आले. धुळवडीचा रंग जिन्यावरून अजून गेलेला नाही. प्रियांकाची दहावीची परीक्षा संपली, बक्षीस म्हणून तिला उद्या मीटबॉल आणि पास्ता हवा आहे. सोमवारी संकष्टी, तेव्हा उद्याच करावे लागेल. खिमा चेतन आणणार. नूतनने स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली. डोक्याचे तेल संपले.

एवढे लिहून सरलाबाई बोरसे यांनी पेनाला टोपण लावले. अक्षर नेहमीसारखे सरळ आणि टपोरे. फक्त चिकटपट्टीच्या ओळीपाशी पेन इतके दाबले गेले होते की पान उलटून बोट फिरवले असते, तर ती ओळ पाठीमागून हाताला लागली असती.

भुसावळच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर ऍग्नेस यांनी मुलींना रोजनिशीची सवय लावली होती. त्यांचा नियम एकच. जे घडले ते वहीत लिहायचे, जे वाटले ते देवाला सांगायचे. बाकीच्या मुलींनी शाळेबरोबर ही सवयही सोडली, सरलाबाईंनी सोडली नाही. लग्न, बाळंतपण, सासऱ्यांचे आजारपण, शेवटी नवऱ्याचे जाणे, सगळे त्यांच्या डायऱ्यांत दोन-दोन ओळींत आहे. रडण्याचा उल्लेख कुठेच नाही. वाटलेले सगळे देवाला सांगायचे असल्यामुळे राग तेवढा देवाकडे जमा होत गेला, आणि सुरतेला आल्यापासून तर त्यालाही तो ठेवायला जागा पुरत नसावी.

सुरतेला त्या आल्या सात वर्षांपूर्वी. रेल्वेत गार्ड असलेले भूपेंद्र बोरसे वारले, आणि मुलगा चेतन आईला घेऊन आला. तो कापड बाजारात एका पेढीवर हिशेब बघतो. पर्वत पाटियाच्या चौकापासून आत, एका नव्या इमारतीत त्याने कर्ज काढून फ्लॅट घेतला होता. शेजारच्या दारात मुक्ताबेन. काठियावाडच्या, सरलाबाईंच्याच वयाच्या, त्यांच्यासारख्याच विधवा. गळ्यात तुळशीची कंठी. जन्मात अंड्याला हात लावलेला नाही, हे त्या नव्या माणसाला नावाच्या आधी सांगत.

भुसावळहून येताना सरलाबाईंनी दोन ट्रंका आणि एक डबा आणला होता. डब्यात काळा मसाला. खानदेशात हा मसाला प्रत्येक घराचा वेगळा. खोबरे किती काळे होऊ द्यायचे, कांदा उन्हात वाळवायचा की तव्यावरच भाजायचा, दगडफूल किती टाकायचे, यावरून जावाजावांत अबोला झालेला सरलाबाईंनी पाहिला होता. त्यांचा मसाला सासूबाईंच्या हातचा, आणि त्याला भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये नाव होते. भूपेंद्रराव गाडी घेऊन आले की म्हणत, "यार्डातच कळलं मला, आज घरी काय आहे."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्या मसाल्याची उडदाची डाळ केली. साधी डाळ, वर लाल तवंग. जेवणे व्हायची होती, तेवढ्यात दारात मुक्ताबेन आल्या. म्हणाल्या, "सरलाबेन, तमारा घरमांथी वास आवे छे."

सरलाबाईंना गुजराती येत नव्हते, पण हे वाक्य समजायला गुजराती कशाला यायला हवे? घरातून वास येतो आहे. म्हणजे छान वास येतो आहे. नवऱ्याला जाऊन वर्षही झाले नव्हते, परका मुलूख, आणि शेजारीण स्वतःहून दारात येऊन डाळीचे कौतुक करते आहे! "व माय, या ना, आत या," म्हणत त्या लगबगीने आत गेल्या. भूपेंद्ररावांचे नाव कोरलेली स्टीलची वाटी काढली, काठोकाठ डाळ भरली, वरून थोडा तवंग सोडला आणि दोन्ही हातांनी मुक्ताबेनच्या हातात दिली. मुक्ताबेन त्या वाटीकडे बघत राहिल्या. हातात निखारा ठेवला असता तरी बाईने इतके तोंड वाकडे केले नसते. सरलाबाईंना वाटले, संकोचली बिचारी.

संध्याकाळी वाटी परत आली. बाहेर चपलांच्या मांडणीवर, पालथी, साबणाने घासलेली. भरून दिलेली वाटी रिकामी परत करायची नाही, चिमूटभर साखर तरी घालायची, हा रिवाज खानदेशात आहे तसा काठियावाडातही आहे. वाटीपाठोपाठ सोसायटीचे सेक्रेटरी आले. तुमच्या घरात मांस शिजते अशी तक्रार आहे, म्हणाले. आणि चेतनने, सरलाबाईंच्या पोटच्या पोराने, "ती डाळ होती" एवढे तीन शब्द बोलायचे सोडून हात जोडले. "आम्ही ते सगळं सोडलंय, काका. पुन्हा असं होणार नाही."

सेक्रेटरी गेल्यावर त्याने आईला समजावले. "आई, गुजरातीत वास म्हणजे घाण. चांगला असला तर सुगंध म्हणतात. त्या तक्रार करायला आल्या होत्या."

"अरे, पण डाळ होती ती!"

"असेल. त्यांना तो मसाला मटणाचाच वाटतो. मी काय घरोघर डाळ दाखवत फिरू?"

"मग जे केलंच नाही त्याची माफी मागितलीस?"

"शांततेत राहायचंय ना इथं?"

दुसऱ्या दिवशी मसाल्याचा डबा घरात नव्हता. चेतनने तो पेढीवरच्या एका माणसाला, डिंडोलीच्या खानदेशी वस्तीत राहणाऱ्या, देऊन टाकला होता. सरलाबाईंनी त्या दिवशी लिहिले, 'मसाल्याचा डबा चेतनने दिला.' पुढे पूर्णविराम.

तेव्हापासून घरात विकतची पूड. डाळीत गूळ. खिमा किंवा मटण वर्षातून दोन-तीनदा यायचे, तेव्हा सून नूतन उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवायची. जेवताना देवळात बसून चोरून खात असल्यासारखे वाटायचे. काळा मसाला मात्र कधीच नाही. मटण झाकता येत होते, मसाला झाकता येत नव्हता.

आणि मुक्ताबेन गोड झाल्या. येता-जाता हसू लागल्या, आठवड्यातून एकदा विरजण मागायला येऊ लागल्या. एकदा लिफ्टमध्ये चार बायकांसमोर सरलाबाईंच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "हवे तो तमे अमारा जेवा ज थई गया." आता तुम्ही आमच्यासारखेच झालात. तक्रार जेवढी झोंबली नव्हती तेवढी सरलाबाईंना ही शाबासकी झोंबली. म्हणजे आधी मी तुम्हाला घाण वाटत होते की काय? पण एव्हाना नूतनने डोळ्यांनीच खूण केली होती, आणि त्या गप्प राहिल्या. सात वर्षे गप्प राहिल्या.

रविवारी सकाळी चेतन लिंबायतहून खिमा घेऊन आला. स्टीलच्या डब्यात खिमा, डबा पिशवीत, वर मेथीची जुडी.

"लिफ्टमध्ये कोण होतं?" नूतनने दार लावता लावता विचारले.

"कुणी नाही. जिन्यानंच आलो."

"गळत नाही ना?"

"चोरीचा माल आहे का रे?" सरलाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "मेथी कशाला? वर एक पोथी ठेवायची होती. कुणी अडवलं तर पारायणाला चाललोय म्हणायचं."

"आई, सुरू करू नको हं सकाळी सकाळी."

"मी कशाला सुरू करू? मी तर तुमच्या चिकटपट्टीच्या आत बसलेय."

प्रियांका हसली आणि नूतनने तिच्याकडे डोळे वटारले. पोरगी सुरतेतच जन्मलेली, घरात मराठी, जिन्यात गुजराती आणि फोनवर हिंदी. तिने मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला. पडद्यावर एक बाई सोपे तिखट मीटबॉल करून दाखवत होती.

"बघ आजी, किती इझी आहे. एका कढईत होतं सगळं."

सरलाबाईंनी चष्मा वर केला. "ही बाई कांदा चिरतच नाही. चुटकी वाजवते की चिरलेला कांदा पुढ्यात. माझ्या चुटकीनं असा चिरला गेला असता, तर तुझ्या आजोबांनी गार्डाची नोकरी सोडून माझेच खेळ लावले असते. बंद कर तो फोन. मला येतात मीटबॉल."

"तुला? मीटबॉल?"

"तुझ्याएवढी होते तेव्हापासून."

भुसावळला त्यांच्या वर्गात डोरीन नावाची मुलगी होती. तिचे वडील इंजिन ड्रायव्हर, घराणे अँग्लो-इंडियन. रविवारी त्यांच्या बंगल्यावर बॉल करी आणि पिवळा भात असे. खिम्याचे गोळे डोरीनची आई तळत नसे, उकळत्या रश्शातच सोडायची. सरलाबाईंचे वडील अमळनेरकडचे, जुन्या वळणाचे, पण मुलगी तिथे जेवते याला त्यांनी कधी हरकत घेतली नाही. डोरीन एकदा यांच्याकडे जेवायला आली. काळ्या मसाल्याच्या रश्शाने तिचे डोळे आणि नाक वाहत होते, तरी तिने दुसऱ्यांदा भाकरी मागितली. वास कुणालाच आला नव्हता. की आला होता आणि आवडला होता? मराठीत दोन्हीला एकच शब्द आहे, म्हणून भांडण झाले नसावे.

खिमा चाळणीत निथळत ठेवून सरलाबाईंनी पाव पाण्यात भिजवला आणि घट्ट पिळला. बारीक कांदा, आले-लसूण, भरपूर हिरवी मिरची, कोथिंबीर, थोडा पुदिना, लाल तिखट, मीठ. सगळे खिम्यात घालून तळहाताने दाबून मळले. मळताना हातात जोर जास्त होता.

"आजी, हळू. मेलेलंच आहे ते," प्रियांका म्हणाली.

"खिमा चिकट झाला पाहिजे, नाहीतर गोळे फुटतात. घे, तेल लाव हाताला. लिंबाएवढे कर. हा काय केलास? हा लाडू झाला. आतून कच्चा राहील."

"विदाउट काळा मसाला लागेल का गं चांगलं? मम्मी म्हणते, तू आधी करायचीस. कसा लागायचा तो?"

सरलाबाईंचे हात थांबले. त्यांनी नातीकडे पाहिले. पोरगी सोळा वर्षांची, बोरसेंच्या घरची, आणि तिला तो कसा लागतो हेच माहीत नाही. लहानपणी सुटीत भुसावळला आली, तरी तिखट लागू नये म्हणून तिला दूधभातच वाढला जायचा. त्यांना वाटत होते की आपला फक्त एक डबा गेला. डब्याबरोबर काय गेले ते आत्ता या प्रश्नात कळत होते.

"सांगून कळत नाही," त्या म्हणाल्या. "टोमॅटो किस."

कढईत तेल, त्यात ठेचलेला लसूण, सुकी मिरची, मग टोमॅटोचा कीस. तो आटून तेल सुटल्यावर पाणी, मीठ, किंचित साखर. रस्सा उकळला तसे गोळे एकेक करून सोडले. प्रियांकाने ढवळायला डाव उचलला तशी त्यांनी तिचा हात धरला. "डाव घालायचा नाही. कढई दोन्ही कानांनी धरायची आणि हलवायची." शेवटी नूतनने खणातून पिझ्झाबरोबर आलेल्या, कधी ना कधी लागतील म्हणून जपलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या काढल्या आणि सगळ्या फोडून टाकल्या. दुसऱ्या गॅसवर पास्ता शिजला. लांब मिळाला नव्हता, आखूड नळ्यांचाच होता. प्रियांकाने थोडे तोंड वाकडे केले आणि मग तोच कढईत ओतला.

सगळे घर लसूण-टोमॅटोच्या वासाने भरून गेले. उदबत्त्या लावायला नूतन विसरली, कारण त्याची गरजच वाटत नव्हती. एखाद्या पिझ्झाच्या दुकानात बसल्यासारखे वाटत होते. ताटे मांडून झाली आणि दारावरची घंटा वाजली.

चेतनने दाराच्या भिंगातून बघितले आणि वळून नुसते ओठ हलवले, 'मुक्ताबेन'. नूतनने कढईवर झाकण ठेवले. पण दार उघडावेच लागले. मुक्ताबेन हातात छोटी वाटी घेऊन उभ्या होत्या, विरजणासाठी. आत पाऊल टाकताच त्या थांबल्या. मान वर केली. डोळे मिटून एक लांब श्वास घेतला.

"अरे वाह! शुं बनाव्युं छे? केवी सरस सुगंध आवे छे!"

सुगंध.

सरलाबाई टेबलाशी बसल्या होत्या. तो शब्द ऐकून त्यांनी पुढ्यातले ताट बाजूला सरकवले.

"पास्ता छे, मासी," नूतन घाईघाईने म्हणाली. "अंदर सोयानी गोळी नाखी छे. प्रियांकाला आवडते ना."

"सोयानी? जरा जोवा दे." मुक्ताबेननी स्वतःच झाकण उचलले. वाफ चेहऱ्यावर घेतली. "मारी वहु तो आवुं कंई बनावती ज नथी." त्यांनी हातातली वाटी पुढे केली. "मने जराक चखाड ने, बेटा."

नूतनने चेतनकडे पाहिले. चेतनने मोबाइलकडे पाहिले. नूतनने डाव घेतला, कडेकडेचा पास्ता वाटीत घातला, गोळ्यांना चुकवत.

"एक गोळी पण मूक ने." एक गोळीही ठेव.

नूतनचा डाव कढईवर थांबला. नाही म्हणायचे तर का म्हणायचे? हो म्हणायचे तर… तिने पुन्हा नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने मान वर केली नाही. नूतनने एक गोळा उचलला आणि वाटीत ठेवला.

सरलाबाई बघत होत्या. मनात पहिला विचार जो आला तो सिस्टर ऍग्नेसचा नव्हता. खाऊ दे, असा होता. खाऊ दे हिला. मिटक्या मारत खाऊ दे, बोटे चाटू दे, सुगंध सुगंध म्हणू दे, आणि उद्या लिफ्टमध्ये चार बायकांसमोर मी हिच्या पाठीवरून हात फिरवीन आणि सांगीन, आता तुम्ही आमच्यासारख्याच झालात. सात वर्षांची सगळी उधारी एका गोळ्यात फिटत होती. आणि आपल्याला बोटही हलवायचे नव्हते, फक्त आजवर राहिलो तसे गप्प राहायचे होते.

मुक्ताबेननी दोन बोटांनी गोळा फोडला. त्यावर फुंकर मारली. मान पुढे केली तशी गळ्यातली कंठी वाटीवर लोंबली.

सरलाबाई खुर्ची मागे पाडून उठल्या आणि त्यांनी मुक्ताबेनचे मनगट पकडले.

"नका खाऊ. मटण आहे ते."

"आई!" चेतन ओरडला.

"मजाक करते छे, मासी," नूतन हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली. "आईंची सवय आहे…"

आणि मग सरलाबाईंच्या तोंडून जे बाहेर पडले ते कॉन्व्हेंटचे नव्हते, शाळेतल्या मराठीचेही नव्हते. ते अमळनेरकडच्या त्यांच्या आईचे होते. "कसाले खोटं बोलनी व, नूतन? कसाले? तिना गळामा कंठी शे, दिसत नई का तुले?"

मुक्ताबेनना अहिराणी समजली नसेल, आवाज समजला.

"बेन," त्या मुक्ताबेनकडे वळल्या. मनगट अजून सोडले नव्हते. "सोया नथी. बकरानुं मटन छे. माझ्या मुलानं लिंबायतहून आणलं, मेथीखाली लपवून. आम्ही काही सोडलेलं नाही. कधीच सोडलं नव्हतं. तो खोटं बोलला."

मुक्ताबेनचा चेहरा उतरला. त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिले. बोटांना तांबडा रस्सा लागला होता, खिम्याचे दोन कण होते. ती बोटे कुठे ठेवावीत हे त्यांना कळेना. साडीला पुसता येईनात, हवेत धरून त्या उभ्या राहिल्या.

"चला," सरलाबाई म्हणाल्या. आवाजात दया नव्हती. त्यांनी मुक्ताबेनना ओढतच बेसिनपाशी नेले, नळ सोडला, नवीन साबणाचे वेष्टन फाडले आणि त्यांचा हात स्वतः धुतला. बोटन् बोट, नखांखाली सुद्धा, लहान पोराचा धुवावा तसा. धूत होत्या आणि बोलत होत्या, अर्धे गुजराती, अर्धे मराठी, जसे तोंडाला येईल तसे.

"सात वर्षं झाली. मी डाळ केली होती तेव्हा तुम्ही म्हणालात वास आवे छे. मला वाटलं कौतुक करताय. वाटीभर दिली तुम्हाला. माझ्या नवऱ्याच्या नावाची वाटी. ती तुम्ही चपलांवर पालथी घातलीत. आणि आज साक्षात मटण शिजतंय, तर सुगंध! हेच नाक ना तुमचं? या नाकाच्या भरवशावर माझ्या घरातून माझा मसाला गेला? बोला ना! हे नाक खरं म्हणू का ते?"

पाणी वाहत होते. आरशात न बघता मुक्ताबेन अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "तो पछी… पेली दाळ?"

"दाळ ज हती," सरलाबाई म्हणाल्या. "अडदनी. कांदा, खोबरं, मिरची. शाकाहारीच होती, तुमच्यापेक्षा जास्त."

त्यांनी नळ बंद केला आणि टॉवेल दिला. मुक्ताबेननी हात पुसले. दुसऱ्या हाताने कंठी चाचपली, मण्यामण्यावरून बोट फिरवले. मग कुणाकडे न बघता दारापर्यंत गेल्या. टेबलावर त्यांची वाटी तशीच होती, फुटलेला गोळा आणि चार नळ्या.

"तुमची वाटी," सरलाबाईंनी म्हटले.

मुक्ताबेन वळल्या. "हवे ए मारा घरमां न चाले," त्या म्हणाल्या. आता ती माझ्या घरात चालणार नाही. त्यात राग होता का, सरलाबाईंना कळले नाही. "तमे ज राखो." आणि दार ओढून घेतले. आपटले नाही.

चेतनला आता कंठ फुटला. "झालं समाधान? रात्रीपर्यंत ग्रुपवर सगळ्या सोसायटीला कळेल. बोलावतील मला. काय सांगू मी त्यांना?"

"खरं सांग. सवय नाहीये तुला, पण जमेल."

"एक गोळा खाल्ला असता तर काही मेल्या नसत्या त्या! कळलंही नसतं!"

सरलाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. या पोराला त्यांनी वाढवले होते. "चेतन," त्या म्हणाल्या, "तुझ्या बापाचं नाव त्या वाटीवर होतं, ती पालथी घातलेली बघून तू हात जोडलेस. ते मी गिळलं. पण एका म्हातारीचं सोवळं तुझ्या बायकोच्या हातून मोडायला निघालं होतं आणि तू फोनमध्ये बघत होतास. हे नाही गिळता येत मला. समजलं?"

नूतन पदर तोंडाशी धरून रडत होती. तिचाही राग आला, पण तिच्या नवऱ्यापेक्षा कमी.

"आजी," प्रियांका दबक्या आवाजात म्हणाली, "गार होतंय."

मग ते जेवायला बसले. पास्ता मऊ झाला होता, गोळे मात्र अख्खे राहिले होते. प्रियांकाने चार खाल्ले. सरलाबाईंनी दोन खाल्ले. चांगले झाले होते, तिखट लागत होते, पण मागे काहीतरी नव्हते, आणि काय नव्हते ते त्यांना माहीत होते.

ताटे उचलल्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या. खिडकीची चिकटपट्टी एका टोकाला धरून ओढली. ती सरळ निघेना, तुकड्या-तुकड्यांनी निघाली, रंगाचे पोपडे घेऊन निघाली. खिडकी सताड उघडली. टोपलीतले कांदे घेतले, नूतनने चटणीसाठी आणलेले खोबरे घेतले.

"प्रियांका, खाली दुकानात जा. सुक्या मिरच्या, धणे आण. दगडफूल माग. त्याला कळलं नाही तर आत जाऊन स्वतः शोध."

"दगड… काय?"

"दगडफूल. आल्यावर दाखवते. आणि आलीस की इथं उभी राहा, कशी भाजते बघ. मी काय जन्माला पुरणार नाही."

चेतन दारात येऊन उभा राहिला. हातात मोबाइल होता. तो दर दोन मिनिटांनी बघत होता. ग्रुपवर काही आले नव्हते.

"आई, आजच्या दिवस तरी…"

"तुला डिंडोलीला नेऊन द्यायचा असेल तर डबा भरेपर्यंत थांब," सरलाबाई म्हणाल्या. "आणि या वेळी मलाही बरोबर देऊन ये."

तो गेला. तव्यावर खोबऱ्याच्या कडा काळ्या होऊ लागल्या, कांदा तेलात तांबूस झाला, आणि तो वास उठला. भुसावळच्या यार्डापर्यंत जाणारा. खिडकीतून बाहेर पडला, शेजारच्या खिडकीकडे गेला. पलीकडे कुणीतरी खोकले. थोड्या वेळाने शेजारची खिडकी ओढून घेतल्याचा आवाज आला. सरलाबाईंनी उलथने थांबवले नाही. त्यांची खिडकी, त्यांनी लावावी. आपली उघडी होती.

प्रियांकाने मिक्सरमधून निघालेला चिमूटभर मसाला तळहातावर घेऊन चाटला. डोळ्यांत पाणी आले. "बापरे," म्हणाली, आणि पुन्हा तळहात पुढे केला.

रविवार, १६ मार्च २०२५.
काळा मसाला केला. डबा भरला. मापाला आत मुक्ताबेनची वाटी ठेवली.